युजर म्हणजे नक्की कोण? पर्सोना कसा घडवायचा आणि कशासाठी

कुठल्याही ॲपच्या मीटिंगमध्ये थोडा वेळ बसलात तर जाणवेल की तिथला प्रत्येक जण युजरच्या वतीने बोलत असतो. प्रोग्रॅमरला एखादी सोय टाकायची असली की तो म्हणतो, ‘युजरला एवढं येतंच की.’ टाकायची नसली की तोच म्हणतो, ‘युजर गोंधळेल.’ मार्केटिंगच्या माणसाचा युजर तरुण, हौशी आणि खिशात हात घालायला तयार असतो. सपोर्टचे फोन घेणाऱ्या मुलीचा युजर रोज पासवर्ड विसरतो. यातलं कुणीही खोटं बोलत नसतं. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळा माणूस असतो आणि तो वेगळा आहे हे शेवटपर्यंत उघड होत नाही. मग ज्याचा आवाज मोठा, त्याच्या मनातल्या युजरसाठी प्रॉडक्ट बनतं.

हा घोळ टाळण्यासाठी पर्सोना वापरतात. खऱ्या माणसांना भेटून, त्यांचं काम शेजारी बसून बघून, त्यांच्या वागण्यात जे पुन्हा पुन्हा दिसतं त्यावरून उभा केलेला एक काल्पनिक पण नेमका माणूस म्हणजे पर्सोना. त्याला नाव असतं, रोजचं काम असतं, अडचणी असतात आणि काहीतरी साध्य करायचं असतं. एकदा हा माणूस टीममध्ये आला की ‘युजरला काय वाटेल?’ हा हवेतला प्रश्न उरत नाही. ‘हिला हे भर उन्हात, चष्मा नसताना जमेल का?’ असा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर देता येतं.

ही पद्धत रूढ केली ॲलन कूपर या अमेरिकी प्रोग्रॅमरने. १९८३ मध्ये तो कामांचं नियोजन करणारं एक सॉफ्टवेअर लिहीत होता. त्यासाठी तो असं काम प्रत्यक्ष करणाऱ्या काही लोकांशी बोलला. त्यात जाहिरात एजन्सीत काम करणारी एक बाई होती आणि तिच्याकडचा कामांचा पसारा त्याच्या मनात घर करून राहिला. तेव्हाचे कॉम्प्युटर सावकाश चालायचे. प्रोग्रॅम तयार होईपर्यंत कूपर जवळच्या गोल्फच्या मैदानावर फिरायला जायचा आणि चालता चालता त्या बाईच्या भूमिकेत शिरून स्वतःशीच मोठ्याने बोलायचा. आत्ता मला काय हवंय? हे बटण माझ्या कामाचं आहे का? या संवादातून कुठल्या सोयी ठेवायच्या आणि कुठल्या काढायच्या हे त्याला स्पष्ट दिसू लागलं. याच कूपरने पुढे केलेलं काम मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि त्यातून व्हिज्युअल बेसिक हे प्रोग्रॅम लिहायचं साधन आलं.

१९९५ च्या सुमाराला एका कंपनीसाठी काम करताना त्याने ही सवय कागदावर आणली. लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यातून तीन माणसं काढली: चक, सिंथिया आणि रॉब. चक तयार साचे वापरून आकडेवारीचे अहवाल काढणारा, सिंथिया ते साचे स्वतः बनवणारी, रॉब या दोघांची यंत्रणा सांभाळणारा. तिघांची वयं किंवा पगार काय, याला महत्त्व नव्हतं. ते काम कसं करतात आणि त्यांना काय हवंय, यावरून ते वेगळे ठरले. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण आज कित्येक कंपन्यांच्या भिंतीवर लटकणाऱ्या पर्सोनांमध्ये नेमका हाच हरवलेला असतो. ‘रोहन, २८, पुणे, कॉफी आवडते, इन्स्टाग्राम वापरतो.’ हे वाचून स्क्रीनवर काय बदलायचं? काहीच नाही.

सरासरी माणूस भेटत नाही

‘एक काल्पनिक माणूस कशाला? सगळ्यांची सरासरी काढू’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. याचं उत्तर अमेरिकेच्या हवाई दलाने १९५० च्या सुमाराला शोधून ठेवलंय. विमानांचे कॉकपिट सरासरी मापांवर बेतलेले होते आणि वैमानिकांना ती विमानं नीट आवरत नव्हती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांच्या मापांचा अभ्यास केला. उंची, छाती, हाताची लांबी अशी महत्त्वाची दहा मापं त्याने निवडली आणि प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत बसणाऱ्याला ‘सरासरी’ म्हणायचं ठरवलं. म्हणजे निकष चांगलाच सैल होता. तरीही दहाच्या दहा मापांत सरासरी असलेला एकही वैमानिक निघाला नाही. फक्त तीन मापं घेतली तरी ३.५ टक्क्यांहून कमी लोक बसत होते. सरासरीसाठी बनवलेली ती खुर्ची कुणाचीच नव्हती. तेव्हापासून पुढेमागे सरकणाऱ्या सीट आणि जुळवून घेता येणारे पेडल यांकडे हवाई दल वळलं.

सॉफ्टवेअरमध्ये हे आणखी तीव्रपणे जाणवतं. शेतकऱ्याचं सरासरी वय, सरासरी जमीन, सरासरी शिक्षण काढून जो माणूस तयार होतो, तो कुठल्याच बांधावर उभा नसतो.

एक पान, एक माणूस

बांधाचा विषय निघालाच आहे तर उदाहरणही तिथलंच घेऊ. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकांची नोंद करायचे. आता शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, गट नंबर निवडायचा, क्षेत्र भरायचं आणि नोंद पाठवायची. नुकसानभरपाई, पीककर्ज, हमीभावाने खरेदी, सगळीकडे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद विचारली जाते, त्यामुळे ही काही हौशीची गोष्ट नाही. समजा असं ॲप आपल्यालाच पहिल्यापासून बनवायचंय. त्यासाठीचा एक पर्सोना कसा असू शकेल, तो लिहून दाखवतो. यातली बाई काल्पनिक आहे, पण तिची परिस्थिती गावाकडच्या कुणालाही ओळखीची वाटेल.

‘सुमनकाकू, वय ५४, औसा तालुका. सव्वातीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि त्यात तुरीचं आंतरपीक. सातबारा सामायिक, दिरासोबत. नवरा वारल्यापासून शेतीचं सगळं त्याच बघतात. मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्याने दिलेला जुना स्मार्टफोन मुख्यतः नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला वापरतात. वाचता येतं, पण शेतात जाताना चष्मा घरी राहतो. गट नंबर तोंडपाठ. खाते क्रमांक विचारला की पिशवीतून सातबाऱ्याची झेरॉक्स काढतात. जमीन एकर-गुंठ्यांतच मोजतात. ओढ्याच्या बाजूला रेंज नसते, रस्त्याकडच्या बांधावर येते. फॉर्म भरायला शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी मदत करते. तिची परीक्षा असली की काम अडतं. मोठी भीती: बोट भलतीकडे लागून सातबाऱ्यावरून नाव उडालं तर? काय हवंय: मुदतीच्या आत पीक सातबाऱ्यावर चढावं आणि ते चढलंय हे कुणाला न विचारता कळावं.’

एवढंच. अर्धं पान. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य डिझाइनच्या एकेका निर्णयाकडे नेतं. क्षेत्राचा रकाना घ्या. सातबारा हेक्टर आणि आरमध्ये असतो, काकू एकर-गुंठ्यांत विचार करतात. एका एकरात ४० गुंठे, एका हेक्टरात साधारण अडीच एकर. त्यांनी सवयीने ३.२५ टाकलं आणि रकाना हेक्टरचा असला तर कागदावर आठ एकर पीक उभं राहतं. म्हणजे हिशेब ॲपने करायचा. काकूंनी ‘३ एकर १० गुंठे’ भरावं आणि खाली हेक्टर-आर आपोआप दिसावं. रेंजचं वाक्य घ्या. फोटो आणि जागेची नोंद ओढ्याजवळ झाली पाहिजे आणि पाठवणं रस्त्यावर आल्यावर, तेही ‘अजून पाठवलेलं नाही’ हे ठळक दिसत राहून. सोयाबीनमध्ये तूर म्हटल्यावर एका गटात एकच पीक धरणारी यादी बाद होते. खाते क्रमांक मागण्याऐवजी गट नंबरावरून खातेदारांची नावं दाखवली तर पिशवी उघडावी लागत नाही.

आणि ती भीती. ती वाचून कुणी हसेल, पण सातबाऱ्यावरचं नाव ही विधवा बाईसाठी काय चीज आहे हे ज्यांनी घरात पाहिलंय ते हसणार नाहीत. या भीतीमुळे माणूस ॲप उघडतच नाही, किंवा दुसऱ्याच्या हातात फोन देऊन मोकळा होतो. त्यावरचे उपाय साधे आहेत: ‘इथे फक्त पिकाची नोंद बदलते, मालकाचं नाव बदलत नाही’ हे पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत, आणि चुकलं तर दुरुस्त करायला मुदत. ई-पीक पाहणीच्या पुढच्या आवृत्तीत ४८ तासांत दुरुस्तीची सोय आली, ती याच जातीची. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, हीसुद्धा. घरटी एक स्मार्टफोन नसतो, हे कुणीतरी ध्यानात घेतलं असणार.

माहिती आणायची कुठून

सुमनकाकू खुर्चीत बसून रचल्या तर त्या आपल्याच आईचा नाहीतर टीव्ही मालिकेतल्या गरीब बाईचा अवतार होतात. म्हणून आधी भेटायचं. आणि भेटल्यावर ‘असं ॲप आवडेल का?’ हे विचारायचं नाही. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही. चहा पुढे करत ‘चांगलंय की’ म्हणतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा ‘मागच्या हंगामात नोंद कशी केलीत, दाखवता का?’ असं विचारावं. दाखवायला लागल्या की गोष्टी बाहेर येतात. फोनच्या कव्हरमागून घडी घातलेली चिठ्ठी निघते, तिच्यावर गट नंबर, एक पिन आणि सेवा केंद्रवाल्या मुलाचा नंबर असतो. ती चिठ्ठी म्हणजे आपल्या ॲपमध्ये काय कमी आहे याची यादीच असते. तिचा फोटो मात्र काढायचा नाही, पिन असते त्यावर. वहीत टिपून घ्यायचं.

बोलताना शेजारी कोण बसलंय हेही बघायचं. प्रश्न बाईला विचारला आणि उत्तर दिराने दिलं, तर ती नोंद दिराची आहे. शक्य असेल तर बाईने बाईशी, शेतातच बोलावं.

किती जणांना भेटायचं? ठरावीक आकडा नाही. नवीन माणसाकडून नवीन काही कळेनासं झालं, तीच गोष्ट तिसऱ्यांदा-चौथ्यांदा ऐकू आली, की एका प्रकारच्या लोकांपुरतं काम झालं. मग सगळ्या नोंदी समोर मांडून वागण्याच्या तऱ्हा शोधायच्या. इथे वय आणि जिल्हा धरून गट पाडायचा मोह होतो, तो टाळावा. आपल्या उदाहरणात बहुधा तीन तऱ्हा निघतील: स्वतः नोंद करणारे, दुसऱ्याकडून करून घेणारे आणि दुसऱ्यांसाठी करणारे. तिसरी तऱ्हा बऱ्याचदा निसटते. सेवा केंद्र चालवणारा मुलगा किंवा गावातला हुशार पोरगा एकाच दिवशी वाडीभरच्या नोंदी करतो. त्याला मोठी अक्षरं नकोत, त्याला एक नोंद संपली की लगेच दुसरी सुरू करता यायला हवी. त्याचाही पर्सोना लागतो.

पण सगळ्यांना एका पडद्यावर खूश करता येत नाही. म्हणून एक मुख्य पर्सोना ठरवायचा. कसोटी अशी: याच्यासाठी बनवलेलं इतरांना चालेल, पण इतरांसाठी बनवलेलं याला चालणार नाही, असा कोण? सुमनकाकूंना जमेल ते त्या पोरालाही जमेल, थोडं सावकाश. उलट जमणार नाही.

हे ऐकून लोकांना धास्ती वाटते की एकाच माणसासाठी बनवलं तर बाकीची गिऱ्हाइकं जातील. अनुभव उलटा आहे. चाकं आणि दांडा असलेली, उभी ओढत न्यायची बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने विमान कर्मचाऱ्यांच्या गरजेतून काढली. ती त्यांच्या हातात बघून प्रवाशांनी मागायला सुरुवात केली. सॅम फार्बर यांनी पत्नीच्या सांधेदुखीने धरलेल्या हातांना सोलाणं पकडता यावं म्हणून जाड, मऊ रबरी मुठीची भांडी-हत्यारं बनवून घेतली, १९९० मध्ये ती ऑक्सो नावाने बाजारात आली आणि ज्यांचे सांधे ठणठणीत होते त्यांनीही ती उचलली. एकाची अडचण मुळापासून सुटली की पुष्कळांची थोडी थोडी सुटते.

दया आणि समज

पर्सोनाच्या चर्चेत सहानुभूती हा शब्द फार येतो. तिथे थोडं थांबायला हवं, कारण हळहळ वाटणं आणि समजणं यांत मोठं अंतर आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोळ्यांवर पट्टी बांधून थोडा वेळ वावरलेल्या लोकांना अंध माणसं नंतर जास्त समर्थ वाटली का? नाही, कमी समर्थ वाटली. पट्टी बांधणाऱ्याला अंधत्वाचा पहिला तास कळतो. वीस वर्षं अंध असलेल्या माणसाचं कसब कळत नाही. अशा अर्ध्या अनुभवातून केलेलं डिझाइन माणसाला लहान मूल समजतं.

याच्या अगदी उलट पॅट्रिशिया मूर. न्यूयॉर्कला रेमंड लोवी या नामांकित डिझायनरच्या ऑफिसात ती तरुण डिझायनर होती. फ्रिजच्या दाराबद्दल चर्चा चालू असताना तिने विचारलं, संधिवात असलेल्याला हे उघडेल का? उत्तर आलं की आपण तशा लोकांसाठी डिझाइन करत नाही. १९७९ मध्ये, २६ व्या वर्षी, तिने म्हातारीचं रूप घेतलं. नजर धूसर करणारा चष्मा, कान बंद, सांधे वाकू नयेत असे बांधलेले. तीन वर्षं अधूनमधून या वेशात ती अमेरिका आणि कॅनडातल्या ११६ शहरांत फिरली. दार जड आहे हे तिला कळलंच, पण लोक म्हाताऱ्या बाईशी कसे बोलतात, कसे तिला बाजूला सारतात, हेही अंगावर आलं. तिचा मार्ग सगळ्यांना झेपणारा नाही. तिने त्याला दिलेला वेळ आणि खऱ्या वृद्धांमध्ये काढलेले दिवस मात्र ध्यानात घेण्यासारखे आहेत.

आपल्याकडचं सगळ्यात सुंदर उदाहरण जयपूर फूटचं. डॉ. प्रमोद करण सेठी जयपूरच्या सवाई मानसिंह हॉस्पिटलमध्ये अस्थिरोगतज्ज्ञ होते. कृत्रिम पाय बसवलेले रुग्ण तो पाय टाकून पुन्हा कुबड्या घेताना त्यांना दिसत. पाय वाईट नव्हता. तो बूट घालून, खुर्चीवर बसून, सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या हिशेबाने बनलेला होता. इथला माणूस अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, जेवायला मांडी घालतो, देवळात चपला बाहेर काढतो. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीला रबर आणि लाकडाचा असा पाय घडवला जो घोट्यात वळतो, बुटाशिवाय चालतो, भिजला तरी बिघडत नाही आणि दिसतोही पायासारखा. पर्सोना हा शब्द या अर्थाने तेव्हा रूढ व्हायचा होता. पण माणूस दिवसभरात कसा बसतो-उठतो हे त्यांनी नीट पाहिलं होतं आणि शर्मांची शाळा फारशी झालेली नसली तरी त्यावाचून काही अडलं नाही.

पर्सोना कधी फसतो

पहिलं कारण: गृहीत धरलेल्या गोष्टी त्यात आपसूक शिरतात. ‘एक फोन, एक माणूस’ हे असंच एक गृहीतक. नोकियाच्या संशोधकांना आफ्रिका आणि आशियातल्या गावांत एकच फोन घरातले, शेजारचे पाच जण वापरताना दिसले. २००७ च्या नोकिया १२०० मध्ये म्हणून एकाहून अधिक फोनबुकं होती. दक्षिण आशियातल्या बायका फोन घरच्यांच्या हातात जाणार हे धरूनच चालतात, मेसेज पुसतात, ॲपला कुलूप लावतात, हे पुढच्या अभ्यासांतही आलंय. सुमनकाकूंचा फोन दीर मागून घेऊ शकतो, आणि सामायिक खात्यात त्यांना न सांगता नोंदही होऊ शकते. मग नोंद झाल्यावर दोन्ही खातेदारांना एसएमएस जायला हवा की नाही? हा प्रश्न ज्या पर्सोनातून निघत नाही, तो अर्धवट आहे.

दुसरं, पर्सोना जुना होतो. पाच वर्षांपूर्वी जी बाई फोनला हात लावायला घाबरायची ती आज भाजीवाल्याला क्यूआर स्कॅन करून पैसे देते. पानाच्या तळाशी तारीख आणि किती जणांना भेटून हे लिहिलं ते नमूद करावं आणि दर दोन-तीन हंगामांनी पुन्हा जावं.

आणि तिसरं, सगळ्यात सर्रास दिसणारं: पर्सोना बनतो, छान छापला जातो आणि कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही. तपासायचं असेल तर टीमला एकच विचारा. या पर्सोनामुळे गेल्या सहा महिन्यांत कुठली सोय आपण रद्द केली किंवा बदलली? एकही नाव निघालं नाही तर ते पान काढून टाकलं तरी चालेल.

बजेट नाही, संशोधक नाही, अशा छोट्या टीमनेही अडून बसायचं कारण नाही. तालुक्याच्या एखाद्या सेवा केंद्रात परवानगी घेऊन एक सकाळ बसा. रांगेतल्या माणसाला विचारा: आज कशासाठी आलात, हे घरून का नाही झालं, आणि काम झालं हे तुम्हाला कसं कळणार? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, ‘सर्व्हर डाऊन’ आणि ‘अंगठा उठत नाही’ यांसकट.